डोळ्यातली गाठ आणि लोखंडी कपाटातली फाईल

मी डोळ्यांची डॉक्टर. एका ताईंचं पत्र आलं. लांब होतं, थोडक्यात देते आहे.

"डॉक्टर, मी सिंहगड रस्त्याला राहते. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून डोळे तपासायला नेलं. औषध घालून पडदा बघताना डॉक्टर एकदम गप्प झाले आणि आम्हाला पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे कळलं की उजव्या डोळ्यात रक्तवाहिन्यांची एक गाठ आहे आणि डाव्यात अगदी बारीक दुसरी. लेझर करू म्हणाले. पण त्याचबरोबर मेंदूचा, मणक्याचा आणि पोटाचा एमआरआय, रक्ताच्या तपासण्या आणि जीनची तपासणी लिहून दिली. १६ वर्षांच्या मुलीलाही दाखवायला आणा म्हणाले. दुखणं डोळ्याचं आणि तपासणी पोटाची, हे आम्हाला पटेना. दीर म्हणतात, हे पैसे काढायचे धंदे आहेत. शिवाय बोभाटा झाला तर उद्या मुलांच्या लग्नांना अडचण येईल, त्यांच्याही मुलांच्या. माझे मिस्टर ११ वर्षांपूर्वी ३६व्या वर्षी गेले. लहान मेंदूत गाठ होती, दोनदा ऑपरेशन झालं. त्यांना उजव्या डोळ्याने तरुणपणापासून दिसत नव्हतं, पण ते लहानपणी विटी लागल्यामुळे, असं सासूबाई सांगायच्या. मोठ्या नणंदबाई बाळंतपणात बीपी एकदम चढून गेल्या. मूल वाचलं, तो मुलगा आता सांगलीला असतो. मिस्टरांच्या फायली मी लोखंडी कपाटात बांधून ठेवल्यात, उघडवत नाहीत. ही गाठ कॅन्सरची आहे का? डोळा काढावा लागेल का? धाकटीला काही त्रास नसताना कशाला तपासायचं? आणि माझ्या भावाच्या चार वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर जन्मापासून लाल डाग आहे, तोही यातलाच प्रकार का?"

प्रिय ताई,

तुमच्या दोन प्रश्नांना आधी उत्तर देते, म्हणजे बाकीचं जरा स्वस्थपणे वाचता येईल. ही गाठ कॅन्सरची नाही. आणि इतक्या लवकर सापडलेल्या गाठीसाठी डोळा काढायचा प्रश्नच येत नाही.

आता त्या डॉक्टरांना काय दिसलं असेल ते सांगते, कारण बहुतेक घरच्यांना ते कोणी दाखवत नाही. अंधारी खोली असते, डॉक्टरांच्या कपाळावर दिवा आणि हातात भिंग. बाहुली मोठी झाली की आत केशरी रंगाचा पडदा, म्हणजे रेटिना, दिसतो आणि त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या. तुमच्या मुलाच्या डोळ्यात त्यातल्या दोन वाहिन्या, एक रक्त नेणारी आणि एक परत आणणारी, फुगून, नागमोडी होऊन, जोडीने पडद्याच्या कडेकडे गेलेल्या दिसल्या असतील. त्यांचा माग काढत गेलं की टोकाला एक गोल दाणा सापडतो, डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचा, बरेचदा मोहरीएवढाच. हा रेटिनल हिमॅन्जिओब्लास्टोमा. नाव अवघड आहे, पण ते तुमच्या ओळखीचं व्हायला हवं, कारण पुढे कागदांवर तुम्हाला ते शोधायचं आहे.

ही गाठ शरीरात कुठे पसरत नाही. तिचा त्रास निराळा. तिच्या भिंती पाझरतात. रक्तातलं पाणी आणि चरबी पडद्याखाली साचत जाते, आणि गाठ अगदी कडेला असली तरी तो पिवळा साका नेमका मधोमध, जिथे आपली वाचायची नजर असते तिथे जमतो. वर्षानुवर्षं लक्ष दिलं नाही तर पडदा सुटतो आणि डोळा जातो. म्हणून मोहरीएवढी असतानाच ती लेझरने जाळायची. भूल द्यावी लागत नाही, डोळ्यात बधिर करणारे थेंब घालून बसल्या बसल्या होतं. एका बैठकीत काम होईलच असं नाही, काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा बोलावतील. गाठ मोठी असती तर गोठवण्याचा उपाय, म्हणजे क्रायो, करावा लागला असता. लेझरनंतर थोडे दिवस पाझर वाढल्यासारखा वाटू शकतो, त्याने घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा. दृष्टीच्या नसेला चिकटूनच गाठ असेल, तर लेझरने नसच भाजण्याचा धोका असतो. अशा वेळी नजर चांगली असेपर्यंत नुसतं लक्ष ठेवणं हेच पुष्कळदा शहाणपणाचं असतं, तेव्हा डॉक्टर 'थांबू या' म्हणाले तर ती टाळाटाळ समजू नका. आणि लेझरच्या दिवशी मुलाला दुचाकी चालवू देऊ नका. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा असर चार-सहा तास राहतो, दुपारच्या उन्हात सिंहगड रस्त्यावर त्याला समोरचं धड दिसणार नाही. गॉगल घ्या आणि रिक्षाने या.

डोळ्याचं एवढंच. मला तुमच्याशी खरं बोलायचं आहे ते पुढचं.

तुमच्या पत्रात चार ओळी आहेत, एकमेकींपासून लांब लांब लिहिलेल्या. मुलाच्या दोन्ही डोळ्यांत गाठी. त्याच्या वडिलांच्या लहान मेंदूत गाठ. वडिलांचा उजवा डोळा तरुणपणीच गेलेला. आत्याचं बीपी बाळंतपणात एकदम चढून ती गेलेली. मी या ओळी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी असू शकते. विटीने डोळा जाऊ शकतो. बाळंतपणात बीपी चढण्याची इतर कारणं कितीतरी अधिक आढळतात. गेलेल्या माणसाचं निदान पत्रावरून करणं योग्य नाही आणि मी ते करत नाही. पण या चारही गोष्टी ज्यात एकत्र बसतात असा एक आजार आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला तो त्याच्याच संशयाने. त्याचं नाव व्हॉन हिपेल-लिंडाऊ, बोलताना व्हीएचएल.

हे जोडनाव दोन डॉक्टरांचं. ऑयगन फॉन हिपेल हे जर्मन नेत्रतज्ज्ञ. त्यांनी १९०४ मध्ये पडद्यावरच्या या गाठींचं वर्णन केलं. आर्विद लिंडाऊ हे स्वीडनचे, शवविच्छेदन करणारे. त्यांनी १९२६ मध्ये दाखवून दिलं की लहान मेंदूत ज्यांना अशा गाठी होतात, त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्यांतही त्याच असतात, आणि पोटातल्या अवयवांतही बदल सापडतात. म्हणजे डोळ्याच्या गाठीचं शरीराशी असलेलं नातं उमगायला जाणत्या लोकांनाही २२ वर्षं लागली. तुम्हाला पंधरा मिनिटांच्या भेटीत ते पटलं नाही, यात तुमची काही चूक नाही.

मूळ कारण एका जनुकात, म्हणजे जीनमध्ये असतं. ते तिसऱ्या गुणसूत्रावर आहे आणि १९९३ मध्ये सापडलं. त्याचं काम समजून घ्यायला आपल्या सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी भरली की आतला फ्लोट वर येतो आणि मोटर बंद होते. पेशीतही अशी सोय असते: प्राणवायू पुरेसा आहे तोवर नव्या रक्तवाहिन्या मागवणारा निरोप हे जनुक मोडून टाकतं. जनुक बिघडलं की फ्लोट अडकला. पेशीला प्राणवायू भरपूर मिळत असूनही ती 'कमी आहे, कमी आहे' म्हणत राहते, आणि त्या जागी रक्तवाहिन्यांचा गुंता वाढत जातो. पेशी प्राणवायूचा अंदाज कसा घेतात या शोधाला २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. तिघा मानकऱ्यांपैकी विल्यम केलिन हे याच आजाराचा अभ्यास करता करता तिथवर पोचले होते.

आई-वडिलांपैकी एकाकडे हा दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी असा भेद नाही. हा आजार साधारण ३६ हजार जन्मांमागे एकाला, म्हणजे दुर्मीळच. दर पाच रुग्णांत साधारण एकाच्या घरी आधी कोणालाच नसतो, दोष त्याच्यापासूनच सुरू होतो. तुमच्या घरी मात्र मागच्या पिढीत खुणा दिसताहेत.

गाठी कुठे कुठे होऊ शकतात? डोळ्याचा पडदा, लहान मेंदू, मज्जारज्जू, कानाचा आतला भाग, स्वादुपिंड, मूत्रपिंडं आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी. बहुतेक गाठी साध्या. मूत्रपिंडातली मात्र कॅन्सरची असू शकते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण ती सावकाश वाढते, आणि लक्ष ठेवून असणारे डॉक्टर साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत तिला नुसती मोजत राहतात. मग मूत्रपिंड वाचवून तेवढीच काढतात. ज्यांची पाहणीच होत नाही त्यांची ती त्रास देऊ लागल्यावर सापडते, तेव्हा उशीर झालेला असतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात पुरंदरकडचा एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला होता. एका डोळ्यात अशीच गाठ. मी लेझर केलं, ते छान लागलं. त्याची नजर टिकली याचा मला अभिमान वाटला. केसपेपरवर मी डोळ्याची सुरेख रंगीत आकृती काढली होती, पोटाच्या तपासणीबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. घरात कोणाला काय झालं होतं, हेही विचारलं नव्हतं. सहा-सात वर्षांनी तो चष्म्याच्या नंबरासाठी परत आला. वाळला होता. म्हणाला, किडनीत मोठी गाठ निघाली आहे, छातीतही पसरली आहे. त्या दिवशीही त्याला शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचता येत होती. तेव्हापासून अशी गाठ दिसली की मी भिंग खाली ठेवते आणि केसपेपरच्या मागच्या बाजूला त्या घराची वंशावळ काढायला बसते. तुमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत जे केलं ते मला तेव्हा सुचलं नव्हतं. म्हणून दिरांना सांगा, हा पैसे काढायचा धंदा नाही. मुलगी कुठे आहे असं विचारणारा डॉक्टर तुम्हाला मिळाला, त्याला धरून राहा.

शरीरातल्या रक्तवाहिन्या कापल्याशिवाय, थेट नजरेने इतक्या स्पष्ट बघता येतील अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. व्हीएचएलमध्ये पडद्यावरच्या गाठी सरासरी पंचविशीच्या आसपास दिसतात, कित्येकदा इतर गाठींच्या आधी. तुमच्या मिस्टरांना ही संधी मिळाली नाही. मुलाला १९व्या वर्षी मिळाली आहे.

एक गोष्ट मात्र या आठवड्यातच करायची. अ‍ॅड्रिनलवरची गाठ बीपी वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. माणसाला मधूनच धडधड, घाम, डोकं फुटेल असं दुखणं, आणि बाकी वेळ काहीच नाही. पण अशा माणसाला ठाऊक नसताना पूर्ण भूल दिली, किंवा त्या बाईला बाळंतकळा सुरू झाल्या, तर बीपी एका क्षणात जिवावर बेतेल इतकं चढू शकतं. आधी कळलं तर औषधांनी तयारी करून तेच ऑपरेशन किंवा बाळंतपण पार पाडता येतं. मेटानेफ्रिन नावाची रक्ताची किंवा लघवीची तपासणी त्यासाठीच लिहिलेली असणार, तिला मागे टाकू नका. ती होईपर्यंत मुलाचं कुठलंही ऑपरेशन, अगदी अपेंडिक्सचं निघालं तरी, भूलतज्ज्ञाला डोळ्यातल्या गाठीबद्दल आधी सांगायचं. लेझरला ही अडचण नाही.

आता कपाट. ताई, ती फाईल उघडावी लागेल. एकट्याने उघडू नका आणि मुलालाही उघडायला लावू नका, तुमच्या भावाला बोलवा. बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, फिल्म बाजूला ठेवा. त्यात ऑपरेशननंतर गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा एक-दोन पानी रिपोर्ट असेल, हिस्टोपॅथॉलॉजी असा मथळा असलेला. त्यात हिमॅन्जिओब्लास्टोमा हा शब्द आहे का, एवढंच बघायचं. असेल तर त्या एका कागदाने चार डॉक्टरांचे तर्क संपतील. तो सापडला नाही तरी काही अडत नाही, कारण दोन्ही डोळ्यांत एकेक गाठ असणं हेच निदानाला पुरेसं धरतात. पण सापडला तर तुमच्या मिस्टरांच्या हातून मुलांसाठी झालेलं ते एक कामच असेल.

जीनची तपासणी आधी मुलाची. त्याच्या रक्तात दोष नेमका कुठे आहे हे कळलं की धाकटीच्या रक्तात फक्त तेवढीच जागा बघायची असते. तिच्यात तो नसेल तर ती मोकळी. पुन्हा पुन्हा एमआरआय नाही, धाकधूक नाही, तिच्या मुलांनाही काही नाही. 'काही त्रास नसताना कशाला' याचं माझं उत्तर हेच आहे. मोकळं होण्याची तिला निम्मी संधी आहे, ती न तपासता तिच्याकडून काढून घ्यायची का? आणि दोष निघालाच, तर या आजारात वाट बघायला जागा नाही. अशा घरांत मुलांचे डोळे पहिल्या वर्षापासून तपासतात, बीपी दुसऱ्या वर्षापासून, मेटानेफ्रिन पाचव्यापासून. मेंदू-मणक्याचा एमआरआय आणि कानाची तपासणी अकराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते, पोटाचा एमआरआय पंधराव्या वर्षाच्या सुमारास, आणि मग साधारण दर दोन वर्षांनी. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, पुन्हा पुन्हा केला तरी अपाय नाही, फक्त त्या नळीत टकटक आवाज सोसत पडून राहावं लागतं. जीनचा रिपोर्ट यायला वेळ लागेल, तोवर तिचे डोळे मात्र या महिन्यातच दाखवा. आणि तिला सांगून न्या. सोळा वर्षांची मुलगी आहे, घरात कुजबुज चालली आहे हे तिला कधीच कळलेलं असणार.

रक्त देण्याआधी जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना एकदा भेटाच. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे. त्यांचा तासभर वेळ घ्या, तुमच्या घराची वंशावळ ते माझ्यापेक्षा चांगली काढतील.

खर्चाची काळजी तुम्ही पत्रात उघड लिहिली नाही, पण ती आहे. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत, आणि महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. ससून या सरकारी रुग्णालयातही समाजसेवा विभाग आहे. संकोच करू नका, ते त्यासाठीच बसलेले असतात. सगळे एमआरआय एका महिन्यात जमले नाहीत तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कुठला आधी हे ते ठरवून देतील. पोटाची सोनोग्राफी करून सुरुवात करता येते, पण ती एमआरआयची जागा घेत नाही.

उपचारही पुढे सरकले आहेत. याच जनुकाच्या बिघाडातून सुटणारा निरोप रोखणारी बेल्झुटिफॅन नावाची गोळी अमेरिकेत २०२१ मध्ये मान्य झाली, ताबडतोब ऑपरेशनची गरज नसलेल्या मूत्रपिंड, मेंदू आणि स्वादुपिंडातल्या गाठींसाठी. तुमच्या मुलाला आज तिची गरज आहे असं पत्रावरून दिसत नाही. पण त्याचे वडील आजारी होते तेव्हा असलं काही नव्हतं, म्हणून सांगितलं.

तुमच्या भाच्याचं वेगळं आहे. तो भावाचा मुलगा, तुमच्या सासरच्या रक्ताचा त्याच्याशी संबंध नाही, आणि चेहऱ्यावरचा जन्मापासूनचा लाल-जांभळा डाग हा व्हीएचएलचा भाग नाही. मात्र तो डाग कपाळावर आणि वरच्या पापणीवर असेल तर त्याचे डोळे नक्की तपासून घ्या. स्टर्ज-वेबर नावाच्या प्रकारात अशा डागासोबत डोळ्याच्या पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर जाडसर होतो, आतला सगळा रंगच गडद लाल दिसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या डोळ्यात काचबिंदू होऊ शकतो, आणि मेंदूवरही तशाच वाहिन्या असल्या तर फिट्स येतात. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा वाटणं, उजेड सहन न होणं, सारखं पाणी येणं, यातलं काही असेल तर उद्याच न्या. हा प्रकार आनुवंशिक नाही. गर्भात वाढ होताना एखाद्या पेशीत झालेल्या बदलातून तो होतो, तो बदल २०१३ मध्ये सापडला. कृपा करून वहिनींना सांगा की त्यांच्या खाण्यापिण्यामुळे किंवा ग्रहणात बाहेर पडल्यामुळे हे झालेलं नाही. चार वर्षं हे ओझं त्या वाहत असतील.

आणि इंटरनेटवर वाचाल तर आणखी नावं सापडतील, त्यांनी गोंधळू नका. पडद्यावर द्राक्षांच्या घोसासारखी दिसणारी गाठ असते, तिला स्वतःला बहुधा उपचार लागत नाही, पण मेंदूत तसेच घोस असू शकतात म्हणून मेंदूचा एमआरआय करतात. काहींमध्ये गाठ नसते, नुसत्या जाड वाहिन्यांचा गुंता असतो, त्याचंही नातं मेंदूशी, पण तो वारशाने येत नाही. पडद्यामागची एकच नारिंगी गाठ मोठ्या माणसांत दिसते, तिचा बाकी शरीराशी काही संबंध नसतो. तुमच्या मुलाची गाठ यातली कुठलीच नाही.

आता दीर. लग्नांची त्यांची भीती खरी आहे, मी तिला हसत नाही. आपल्याकडे पत्रिकेबरोबर घराण्याची चौकशी होते आणि लोक काय काय बोलतात ते मीही ऐकलं आहे. पण ताई, हे झाकून ठेवण्याची किंमत त्यांचीच मुलं देऊ शकतात. त्यांच्या भावाला झालं ते त्यांच्यात असण्याची शक्यता निम्मी होती. चाळिशी ओलांडून ते ठणठणीत असतील तर चांगलंच आहे, पण उशिरा दिसणारी माणसंही असतात. त्यांनी आधी स्वतःचे डोळे तपासावेत. तुमच्या मुलात दोष सापडला की मग त्यांचं रक्त, आणि त्यांच्यात तो नसला तर त्यांच्या मुलांना सुईसुद्धा टोचायला नको. हे त्यांना फोनवर सांगू नका आणि सणाच्या दिवशी सगळ्यांसमोरही नको. जाऊबाई घरी असतील अशा वेळी जा. कागद सोबत न्या. "भावजी, ह्यांना काय झालं होतं ते आता कळतंय. तुमच्याकडे बोट दाखवायला आले नाही, मुलांसाठी आले," एवढं बोला आणि थांबा. ते चिडतील. चिडू द्या, कागदाची एक प्रत ठेवून या. आई म्हणून बोलायचं ते जाऊबाई नंतर बोलतील.

स्थळं येतील तेव्हा काय सांगायचं हा प्रश्न अजून काही वर्षं लांब आहे आणि तोवर तुमच्या हातात रिपोर्ट असतील. माझं मत विचाराल तर लग्न ठरण्याआधी त्या मुलाला किंवा मुलीला खरं सांगावं, सगळ्या भावकीला सांगायची गरज नाही. ज्याला दोष आहे त्यालाही संसार करता येतो, मुलं होऊ देण्याआधी डॉक्टरांशी बोलून पुढच्या पिढीला तो जाऊ नये याचेही मार्ग आहेत.

मुलाला एक सवय लावा. रोज सकाळी एक डोळा झाकून दुसऱ्याने खिडकीच्या जाळीकडे बघायचं, मग उलट. उभ्या-आडव्या रेषा वाकड्या दिसल्या, काळे ठिपके अचानक वाढले, कडेने सावली आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होणं, चालताना तोल जाणं किंवा एका कानाने कमी ऐकू येणं, हेही तुम्हाला लगेच सांगायला हवं असं त्याला बजावा.

राहिला सांगलीचा मुलगा. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख अर्ध्या ओळीत केलात आणि पुढे गेलात. नणंदबाईंच्या बाबतीत शंका खरी असेल तर त्यालाही ती निम्मी शक्यता लागू आहे, आणि त्याला हे सांगणारं कोणी नाही. आई नाही, मामा गेले, दुसरे मामा गप्प. तो आता नोकरीच्या, लग्नाच्या वयाचा असेल. त्याला विचारा, डोळ्यांत थेंब घालून पडदा कधी तपासला आहे का, मधूनच धडधड आणि घाम येतो का, आईच्या बाळंतपणाचे कागद आजोळी किंवा वडिलांकडे कुठे आहेत का. डोळे दाखवायला त्याला पुण्याला यायची गरज नाही, मिरजेत सगळी सोय आहे. दिरांचा राग शांत होण्याची वाट त्यासाठी बघू नका. हे पत्र वाचून झालं की त्याला फोन करा.

तुमची,
डॉक्टर